जमिनीवरचे तास

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले किमान १०० तास विमानाची सगळी जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेऊन केलेले हवेत. २० तास क्रॉस-कंट्रीचे, त्यात एक फेरी कमीत कमी ३०० सागरी मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबा घेऊन. ५ तास रात्रीचे. १० तास बाहेर न बघता फक्त उपकरणांच्या भरवशावर. नियमात हे स्वच्छ लिहिलेलं आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती जमिनीवरच्या तासांबद्दल. त्यांची नोंद कुठे होत नाही, त्यांना कोणी वाली नाही, आणि विद्यार्थ्याचं निम्म्याहून जास्त आयुष्य तिथेच सरतं.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी एव्हिएशनची पदवी घेते आहे. कॉलेज गावाच्या एका टोकाला, धावपट्टी दुसऱ्या टोकाला, मध्ये कपाशी आणि तूर. विमान शिकवायला असं गाव का निवडतात हे मला पटतं. मुंबईच्या धावपट्टीवर शिकाऊ पोरीला एका सकाळी दहा वेळा उतरून दहा वेळा उडायला कोण देणार? गोंदिया, धुळे, बारामती इथे वैमानिक घडतात ते आकाश मोकळं आहे म्हणूनच. पण आकाश मोकळं मिळालं की जमिनीवर काही नसलं तरी चालतं, असा अर्थ आमच्याकडे काढलेला दिसतो.

उद्या कोण उडणार याची यादी आदल्या रात्री लागते. तिची ठरलेली वेळ आठ. प्रत्यक्षात ती ग्रुपवर येते अकराच्या पुढे, कधी बाराला, आणि आपलं नाव आहे की नाही हे बघायला सगळं होस्टेल तोवर जागं असतं. पहिल्या सॉर्टीच्या, म्हणजे पहिल्या उड्डाणाच्या, मुलांनी साडेपाचला हँगरवर हजर व्हायचं, आधी श्वासाची चाचणी द्यायची, मग विमानाची तपासणी. मेस उघडते साडेसातला. म्हणजे ज्या पाच-सहा जणांना त्या दिवशी खरोखर डोकं शांत ठेवून विमान चालवायचं आहे, नेमके तेच पाच तासांच्या झोपेवर आणि पार्ले बिस्किटांवर येतात. वर्गात आम्हाला शिकवतात की थकलेल्या आणि उपाशी माणसाने विमानात बसू नये. त्यावर परीक्षेत प्रश्नही असतो. मेसच्या काकांना मी विचारलं, सकाळी लवकर पोहे मिळतील का. ते म्हणाले, "ताई, मी चारला उठून बी करतो, फक्त हापिसातून एक कागद आणा." तो कागद कोणी द्यायचा यावर मेस समिती आणि फ्लाइंग विभाग यांचं अजून एकमत झालेलं नाही.

साडेपाचला पोचून लगेच उडायला मिळतं असंही नाही. बाहेर बघून उडायचं तर दृश्यमानता ५ किलोमीटरची लागते. हिवाळ्यात कालव्याच्या बाजूने धुकं येतं आणि आठ-साडेआठपर्यंत हलत नाही. कापूस निघाला की शेतातली पऱ्हाटी जाळतात, तो धूर सकाळच्या थंड हवेत खालीच बसून राहतो. शेतकऱ्यावर माझा अजिबात राग नाही, त्याला रान मोकळं करून पुढच्या पिकाला लागायचं असतं. माझा राग आहे तो उडता येणार नाही हे सगळ्यांना दिसत असताना कोणी तसं न सांगण्यावर. दृश्यमानतेचा साडेतीन हजार मीटरचा आकडा फळ्यावर लिहिलेला असतो आणि आम्ही त्याच्याकडे बघत उभे असतो. धुकं विरेपर्यंत वारा उठतो. एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याला आडव्या वाऱ्याची मर्यादा कमी असते, त्यामुळे सोलोवाल्यांची नावं पुन्हा खोडली जातात. मार्चनंतर दुपारी तर विचारूच नका. हजार फूट उंचीवरची धावपट्टी आणि ४४ अंश तापमान असलं की विमानाच्या लेखी ती धावपट्टी पावणेपाच हजार फुटांवर असते. हवा विरळ, पंखाला उचल कमी, इंजिनाला जोर कमी. दोन माणसं आणि भरलेल्या टाक्या घेऊन सेसना धावपट्टीवरून इतकी नाखुशीने सुटते की शेवटची झाडं जवळ येताना दिसतात. म्हणजे दिवसातले उडण्याजोगे तास मोजकेच. ते हवामानाने खाल्ले तर मी गप्प बसेन. माणसांच्या ढिलाईने खाल्ले तर का गप्प बसायचं?

हॉब्स मीटरचं उदाहरण घ्या. विमानाच्या पॅनेलवर हा छोटा आकडा असतो. इंजिन सुरू होऊन तेलाचा दाब आला की तो चालू होतो आणि तासाच्या दहाव्या भागाने, म्हणजे दर सहा मिनिटांनी, शेवटचा अंक पुढे सरकतो. आमच्याकडे बिल या आकड्यावर होतं. लॉगबुकात मात्र वेळ धरायची ती विमान उड्डाणासाठी जागचं हललं तेव्हापासून. इंजिन सुरू करून, चाकं न हलवता, पुढचं विमान धावपट्टीवरून हटायची वाट बघत उभं राहिलं की पैसे जातात आणि तास मिळत नाही. तासाला पंधरा हजार धरले तर एका अंकाचे दीड हजार होतात. वडिलांनी जमिनीवर कर्ज काढलेल्या मुलाला तो अंक सरकताना बघणं किती जड जातं, हे त्या मुलाशेजारी बसलेल्या माणसालाच कळेल. अंक एकदम उडी मारत नाही. पांढरी चकती हळूहळू वर चढते, जुना आकडा अर्धा दिसेनासा होतो, नवा अर्धा दिसायला लागतो, आणि तेवढ्यात समोरचं विमान हललं तर आपण वाचलो. बहुतेक वेळा ते हलत नाही.

का हलत नाही? कारण धावपट्टीवर रोही असतो. कुंपणाची भिंत दोन ठिकाणी पडलेली आहे. तिथून रोह्यांचा कळप येतो, शेळ्या येतात, आणि कडेच्या दोन गावांमधली पायवाट धावपट्टीच्या टोकावरून जात असल्याने सायकलीही येतात. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर. साठ-पासष्ट नॉट वेगाने उतरणाऱ्या सेसनाने त्याला ठोकलं तर काय होईल हे सांगायची गरज नाही. म्हणून उतरायला आलेलं विमान पूर्ण पॉवर देऊन पुन्हा वर न्यायचं आणि आणखी एक फेरी मारायची. ती फेरी पाच-सहा मिनिटांची, म्हणजे पुन्हा एक अंक. जनावरं हाकलायला चौकीदार काका आहेत, त्यांच्याकडे सुतळी बॉम्ब असतात. दिवाळीतला साठा संपला की नवे यायला खरेदीची मंजुरी लागते, आणि ती येईपर्यंत काका टॉवेल फिरवत धावपट्टीवर पळतात. काका साठीच्या घरात आहेत. मेच्या उन्हात ते पळताना दिसले की मला आकड्याचं दुःख वाटेनासं होतं आणि पडलेल्या भिंतीचा जास्त संताप येतो. ती दोन ठिकाणची भिंत बांधायला गवंड्याला एक आठवडा पुरे.

उडण्याआधीच्या तपासणीबद्दल माझं मत अगदी ठाम आहे: तिच्यात एक सेकंदही वाचवू नये. सेसना १७२ च्या नव्या प्रकारात इंधन तपासायच्या तेरा जागा असतात, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. प्रत्येक ठिकाणी पारदर्शक कप लावून थोडं इंधन काढायचं आणि उजेडात धरून बघायचं. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. खाली पाण्याचा थेंब असेल तर तो वेगळा गोळा होऊन तळाशी बसतो, कचरा असेल तर फिरताना दिसतो. हे काम मला मनापासून आवडतं. पण आमच्या विमानांमध्ये मिळून तो कप एक आहे, आणि त्यालाही तडा गेलेला आहे. सकाळी सहाला तो कोणाकडे आहे हे शोधत हँगरभर फिरावं लागतं.

दुसरी गोष्ट पिटो नळीच्या झाकणाची. हवेचा दाब घेऊन वेग दाखवणारी ही नळी पंखाखाली असते आणि विमान उभं असताना तिच्यावर लाल पट्टीचं झाकण घालायचं असतं. आमच्याकडे कुंभारीण माशी फार. मातीची गोळी आणून कोणत्याही बारीक भोकात घर करते. ही कल्पनेतली भीती नाही. १९९६ मध्ये बिर्गेनएअर कंपनीचं बोइंग ७५७ डोमिनिकन रिपब्लिकमधून उडाल्यावर समुद्रात पडलं आणि आतली सगळीच्या सगळी १८९ माणसं गेली. एक पिटो नळी बंद होती, वेग चुकीचा दिसत होता, आणि तपास करणाऱ्यांचा संशय अशाच माशीच्या घरट्यावर होता. विमान बरेच दिवस उभं होतं आणि उडण्याआधी नळ्यांवर झाकणं नव्हती. आमच्या एका विमानाचं झाकण पावसाळ्यात हरवलं, तेव्हापासून तिथे प्लास्टिकची पिशवी रबर बँडने बांधतात. वाऱ्याने ती निघते. मी दोनदा लेखी कळवलं आहे. झाकणाची किंमत उड्डाणाच्या एका तासाच्या बिलापेक्षा खूप कमी आहे.

इंधन संपतं तेव्हा मिळणारं उत्तर ठरलेलं: "टँकर रस्त्यात आहे." हे पेट्रोल पूर्वी सगळं परदेशातून यायचं. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते देशात, गुजरातच्या रिफायनरीत तयार करून बाजारात आणलं, याचा आम्हाला आनंदच आहे. टँकर लांबून येतो हेही खरं. पण तो लांबून येतो हे आज कळलेलं नाही, आणि टाकीत किती उरलं ते रोज सकाळी वहीत लिहिलं जातं.

आता ज्या गोष्टीवर मुलं बोलत नाहीत आणि मुलींनी बोलू नये असं मानलं जातं, तिच्याबद्दल. हँगरजवळ मुलींसाठी स्वच्छतागृह नाही. जे आहे त्याला कडी नाही, आणि पाणी येतं ते मोटर चालू असेल तेव्हा. मुलींचं होस्टेल धावपट्टीपासून चालत वीस मिनिटांवर आहे. यादीत आपलं नाव कधी पुकारतील हे ठाऊक नसल्याने तिकडे जाता येत नाही. म्हणून आम्ही पाणी पीत नाही. सकाळी साडेपाचपासून एक-दीडपर्यंत, विदर्भाच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली, घोटभर पाण्यावर. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, लक्ष उडतं, निर्णयाला उशीर होतो, हे एव्हिएशन मेडिसिनच्या तासाला आम्हाला सरांनीच शिकवलं आहे. भारतात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण साधारण १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. महिला दिनाला आमच्या कॉलेजात याच आकड्याचं पोस्टर लागतं आणि आम्हाला गुलाबाचं फूल देतात. मला फूल नको, कडी हवी. माझी मैत्रीण एकदा उन्हात चक्कर येऊन शेडमध्ये बसली तेव्हा तिच्या नावापुढे "मेडिकली अनफिट" लिहून सॉर्टी दुसऱ्याला दिली. त्या मुलीला कोणताही आजार नव्हता. ती सकाळपासून पाणी प्यायली नव्हती.

क्रॉस-कंट्रीच्या दिवशी फोनचा त्रास. उड्डाणाचा आराखडा दिल्यावर एफआयसी आणि एडीसी असे दोन नंबर हातात यावे लागतात, दुसरा हवाई संरक्षणाचा. त्याशिवाय निघता येत नाही आणि येऊही नये. नंबर फोनवरून घ्यायचे, आणि हँगरमध्ये मोबाइलची रेंज नाही. रेंज मिळते पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. तिथे उभं राहून, एका हातात वही, वाऱ्यात आकडे ऐकायचे आणि पुन्हा म्हणून दाखवायचे. मध्येच आवाज तुटला की पुन्हा पहिल्यापासून. लँडलाइन आहे, पण तिचं बिल कोणी भरायचं यावरून ती बंद आहे.

या सगळ्याहून मोठा घाव प्रशिक्षक बदलण्याचा आहे. आमचे इन्स्ट्रक्टर चांगले आहेत, काही तर फारच चांगले. पण त्यांनाही विमान कंपनीत जायचं असतं, त्यांचे तास भरतात, बोलावणं येतं आणि ते जातात. त्यांना कोण दोष देईल? दोष आहे तो मागे राहिलेल्या विद्यार्थ्याची वही नव्या सरांनी न वाचण्यात. जुन्या सरांनी मला उतरताना नाक उशिरा आणि हळूहळू उचलायला शिकवलं होतं, नजर धावपट्टीच्या पार टोकाला. माझ्या हाताला ते बसलं होतं. नवे सर म्हणाले, "हे कोणी शिकवलं? पहिल्यापासून करू." पहिल्यापासून म्हणजे पुन्हा सर्किट, पुन्हा हॉब्स. महिनाभराने ते सर गेले आणि तिसऱ्यांनी पहिल्या सरांचीच पद्धत बरोबर आहे असं सांगितलं. प्रत्येक सॉर्टीनंतर प्रगतीचा अहवाल लिहायचा असतो. माझ्या फाइलीत तो कित्येक पानं भरून आहे, तारखा, शेरे, सह्यांसकट. नव्या माणसाने विमानात बसण्याआधी ती फाइल अर्धा तास वाचावी, एवढंच माझं मागणं आहे. त्या अर्ध्या तासाचे पैसे लागत असतील तर तेही मी देईन. पुन्हा शिकण्यापेक्षा ते स्वस्त पडतील.

कॉलेज म्हटलं की हजेरी आली. विद्यापीठाला ७५ टक्के हजेरी लागते. फ्लाइंग विभाग सांगतो, यादीत नाव आहे ना, मग नंबर लागेपर्यंत हँगर सोडायचा नाही. अकराच्या मेटिऑरॉलॉजीच्या तासाला आम्ही शेडमध्ये बसून खऱ्याखुऱ्या ढगांकडे बघत असतो आणि वर्गात आमच्या नावापुढे गैरहजेरी लागते. नंबर लागलाच नाही तर त्या दिवशी ना उड्डाण, ना तास. दोन्ही खाती एकाच इमारतीत, समोरासमोरच्या खोल्यांत बसतात. रोजची यादी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली तरी हा प्रश्न मिटेल.

उशीर नुसता कंटाळवाणा असता तर मी सोसला असता. पण परवान्याचा अर्ज करताना आधीच्या सहा महिन्यांत किमान १५ तास स्वतंत्र उड्डाण केलेलं असावं लागतं. म्हणजे शेवटची एखादी अट लटकली, विमान दुरुस्तीला गेलं, इंधन आलं नाही, की आधी केलेले ते तास मुदतीबाहेर जातात आणि पुन्हा पैसे भरून उडावं लागतं. कर्जाचं व्याज तोवर थांबत नाही. आमच्या वरच्या वर्गातला एक दादा पदवी घेऊन मोकळा झाला आणि अजून इथेच भाड्याच्या खोलीत राहतो, रात्रीच्या उड्डाणासाठी धावपट्टीचे दिवे दुरुस्त होण्याची वाट बघत.

संध्याकाळी टपरीवर चहा प्यायला गेलं की टपरीवाले भाऊ विचारतात, "काहून पायलट ताई, आज इमान नाही उडालं तुमचं?" ते आपुलकीने विचारतात, सकाळपासून आभाळाकडे त्यांचंही लक्ष असतं. रात्री आई फोनवर तेच विचारते. दोघांनाही देण्याजोगं उत्तर माझ्याकडे नसतं, कारण मलाही कोणी ते दिलेलं नसतं. धुकं होतं असं सांगितलं की आईला पटतं. कप सापडला नाही असं सांगायला जीभ रेटत नाही.

२०२५ मध्ये नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने देशातल्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांची श्रेणी पहिल्यांदाच जाहीर केली, आणि वरच्या दोन श्रेणींत, ए प्लस आणि ए मध्ये, एकही संस्था बसली नाही. ही बातमी आमच्या नोटीस बोर्डावर कोणी लावली नाही, आम्ही ती फोनवर वाचली. विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सोयी हाही त्या मोजणीतला एक निकष आहे. हा निकष ठरवणाऱ्यांनी एकदा आमच्या शेडमध्ये सकाळी साडेपाच ते दुपारी एक बसावं, पाण्याची बाटली घेऊन.

आम्ही सगळ्यांनी मिळून प्राचार्यांना अर्ज दिला आहे. यादी रात्री आठला लावावी. पहिल्या सॉर्टीच्या मुलांना पाचला नाश्ता मिळावा. स्वच्छतागृहाला कडी, बादली आणि पाणी असावं. प्रत्येक विमानाला स्वतःचा कप आणि पिटोचं झाकण असावं. हॉब्सवर बिल करायचं तर विमान उभं असतानाची मिनिटं त्यातून वजा व्हावीत. भिंत बांधावी. सरांनी अर्ज पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मागण्या रास्त आहेत, पुढच्या सत्रात बघू." कडी आम्ही रविवारी बाजारातून आणली, चौकीदार काकांनी ती बसवून दिली. बाकीच्या मागण्यांचा अर्ज पुढच्या सत्राच्या पहिल्या दिवशी पुन्हा जाईल, यावेळी पालकांच्या सह्यांसकट.